काकूंच्या उंबऱ्यावर

माधवी, तुला पोचवायला आलेली माणसं उन्हात उभी होती.

फाल्गुनातली दुपार. स्मशानात एकच शेड, तीही लाकडांसाठी. जिवंत माणसांनी कुठं उभं राहायचं, याचा विचार कोणी केलेलाच नव्हता. तुझा भाऊ सुधीर, तुझ्या हाताखाली शिकलेली मुलं, तुझ्या सोसायटीतल्या बायका, सगळे हळूहळू सरकत शववाहिकेच्या कडेला गेले आणि तिच्या वीतभर सावलीत एकमेकांना चिकटून उभे राहिले. मी ते बघत होते. "शमीम, माणूस आपसूक कुठं सरकतो ते बघ. खांब तिथं रोवायचा," हे तू मला इतक्या वेळा ऐकवलं होतंस, की तुझ्यासाठी रडायचं सोडून मी मनातल्या मनात खांब रोवत बसले. एका बाईंना वाटलं, मला भोवळ येतेय. त्यांनी पाणी दिलं, मी मुकाट्याने प्याले.

पेपरात तुझ्याबद्दल छान छापून आलंय. तू वास्तुविशारद होतीस, पाडलेल्या घरांच्या सामानातून गावोगाव सावल्या उभ्या केल्यास, एसटीच्या थांब्यांवर, आठवडे बाजारात, दवाखान्यांच्या आवारात. सगळं बरोबर आहे. फोटोही चांगला निवडलाय, त्यात तू हसते आहेस. पण तू एक नंबरची भांडकुदळ होतीस, हे त्यात कुठं नाही. ते मलाच लिहावं लागणार. कारण आपलं एक भांडण तू अर्धवट टाकून गेलीस आणि त्या दिवसापासून मी ते एकटीच भांडते आहे.

तू गेलीस त्याच्या आदल्या दुपारी तुझा फोन आला होता. मी गिऱ्हाइकात होते. तू नेहमीसारखं "काय करतेस" वगैरे न विचारता थेट म्हणालीस, "उंबरा देणार आहेस की नाही?"

मी म्हटलं, "नाही."

"माझ्या आईचा आहे."

"म्हणूनच नाही."

मग म्हणालीस, "उद्या वखारीत येते आणि समोर बसून भांडते. फोनवर तू ऐकत नाहीस." सकाळी सुधीरचा फोन आला. झोपेतच गेलीस म्हणाला. मी पहिलं काय म्हटलं माहितीये? "असं कसं, ती आज येणार आहे." मग तोंडात आमच्यात कोणी गेल्यावर म्हणतात ते शब्द आले, आणि ते म्हणताना कळलं की तू खरंच येणार नाहीस.

वाचणाऱ्यांना काही कळायचं नाही, म्हणून थोडं मागून सांगते. तू हसशील, मी तुझीच गोष्ट तुला सांगतेय म्हणून.

आमची जुन्या लाकडाची वखार नाशिक रोडला. लोक म्हणतात, घर पाहावं बांधून. आमच्या धंद्यात घर पाहावं पाडून. कोणी जुनं घर पाडायला काढलं की आमची माणसं जातात. आधी कौलं उतरवतात, मग वासे, मग खिडक्या-दारं, गज, फरश्या. सगळं वखारीत येतं आणि पुन्हा कोणाच्या तरी घरात जातं. अब्बा गेल्यावर वखार मी बघायला लागले. तू तोवर शिकून नाशकात परत आली होतीस. एका बंगल्यासाठी जुनी दारं हवीत म्हणून आलीस. मी चहा मागवला, शाळेतल्या जुन्या गप्पा काढल्या, पण तुझं लक्ष नव्हतं. आमच्या हमालांनी चार-पाच दारं भिंतीला तिरकी टेकवली होती आणि त्यांच्या पोटात पथारी टाकून ते घोरत होते. तू त्यांच्याकडे बघत राहिलीस. चहा निवला. मग मला विचारलंस, "यांना हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "ऊन लागलं की येतं." त्या दिवशी तू दारं घेतलीच नाहीस. दुसऱ्या दिवशी कागदाची गुंडाळी घेऊन आलीस आणि वखारीच्या फाटकाशी, जिथं टेम्पोवाले ताटकळत असत, तिथं आपण पहिली सावली उभी केली.

मी त्याला तुझं खूळ म्हणायचे. म्हणायचे, आणि सामानही द्यायचे. निफाडकडे बागा तोडल्या की द्राक्षांच्या मांडवाचे वाय आकाराचे लोखंडी अँगल ढिगाने यायचे. मी ते भंगारात घालायला निघाले होते. तू ते उभे करून त्यांच्या दोन हातांवर वासा ठेवलास, वर मंगलोरी कौलं. इतकं सोपं होतं, की मला आधी का सुचलं नाही म्हणून दोन दिवस राग येत होता.

आणि तुझी ती उन्हाची परीक्षा! चैत्र-वैशाखात, ऐन दुपारी, जागेवर जायचं आणि फक्कीने जमिनीवर सावल्यांच्या रेघा मारायच्या. शाळेच्या मैदानावर खेळासाठी मारतात तीच पांढरी फक्की. एकदा आपण दिवाळीच्या सुट्टीत रेघा मारल्या आणि उन्हाळ्यात बघतो तर सावली बाकड्यावर न पडता मागच्या गटारावर. माणसं बाकडं सोडून गटाराच्या कडेला बसलेली. सूर्य जागा बदलतो हे शाळेत आपण दोघींनी एकाच बाकावर बसून घोकलं होतं, तरी आपण ती चूक केलीच. तेव्हापासून तू हिवाळ्यात रेघ मारलीच नाहीस. मला मात्र दर वर्षी छत्री धरून तुझ्यामागे उन्हात फिरावं लागलं. तू छत्रीखाली यायची नाहीस. म्हणायचीस, छत्रीत उभं राहून उन्हाचं काय कळणार? तुझ्या या असल्या वाक्यांचा मला फार वैताग यायचा. आता कोणीतरी तसं काहीतरी म्हणावं म्हणून कान तरसतात.

तर, उंबरे.

घर पाडताना उंबरा सगळ्यात शेवटी निघतो. विकला मात्र जात नाही. दार कोणीही घेतं, चौकट घेतात, पण दुसऱ्याच्या घरचा उंबरा आपल्या घरात कोण बसवेल? वखारीच्या मागच्या भिंतीशी उंबऱ्यांची रास लागली होती. उत्तम सागवान, हातभर रुंद, शिसवीसारखं काळं पडलेलं. तुझी नजर त्या राशीवर गेली तेव्हाच मी ओळखलं की आता घोडं इथं अडणार. सिन्नरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका थांब्याचं काम चालू होतं. तू म्हणालीस, "ही बाकं. तयार बाकं आहेत ही."

मी म्हटलं, "कोणी बसणार नाही."

"का?"

"उंबऱ्यावर बसू नये म्हणून."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मीच ती रूढी काढली. "तुमच्यात पण आहे हे?"

"अम्मी चौखटीवर बसू द्यायची नाही. पण मी हे अम्मीकडे नाही शिकले. तुझ्या आईकडे शिकले."

खरंच होतं ते. शाळेतून येताना मी तुमच्या घरी थांबायचे. कॅम्पातल्या बाजारामागचं तुमचं ते बैठं कौलारू घर. तू दप्तर टाकून आत पळायचीस आणि मी दारातच टेकायचे, आत जावं की नाही न कळून. एकदा काकू ओल्या हाताने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "शमीम, उंबऱ्यावर बसू नये गं बाळा. आत ये, नाहीतर बाहेर ओट्यावर बस, पण मध्येच बसू नको." मी आत गेले. पुढची कितीतरी वर्षं जातच राहिले. तुमच्या घरात मला कोणी काही शिकवलं असेल तर ते हे.

पण तू ऐकणार थोडीच! "बसू नये, बसू नये. लाकूड आहे ते," म्हणत तू त्या थांब्यावर उंबऱ्यांची बाकं बसवलीसच. सुंदर झाली होती. आणि माधवी, कोणी म्हणजे कोणी बसलं नाही. उन्हाचा कडाका, डोक्यावर गार कौलं, आणि माणसं बाकं सोडून शेजारी जमिनीवर बसलेली. एक म्हातारबाबा उपरणं अंथरून बाकाला पाठ टेकून बसले, पण बाकावर नाही. तुला वाटलं उंची चुकली. यासीनचाचांना, आमच्या मिस्त्रींना, घेऊन गेलीस आणि पाय कापून बाकं बुटकी केलीस. तरी तेच. मग वाटलं, उतार चुकला. तोही बदललास. शेवटी एका बाईने फळीवरच्या खळग्याकडे बोट दाखवून तुला सांगितलं, "ताई, इथं दाराचं कुसू फिरायचं. हा उंबरा हे. यावर बसलं तं घराला कर्ज होतं." तू परत आलीस ते ओठ आवळून. मी तुला बघून इतकी हसले, इतकी हसले, की यासीनचाचांनी मला बाजूला नेलं. उंबरे परत वखारीत आले आणि बाकांना वाशांच्या फळ्या लागल्या. तू त्या दिवशीही पडतं घेतलं नाहीस. "चूक माझी नाही, लोकांची आहे," म्हणालीस. मी म्हटलं, "हो, लोकच बदलून घेऊ आता."

पुढं किती सावल्या झाल्या, पण उंबऱ्याचं नाव तू काढलं नाहीस. मला वाटलं, विषय मिटला.

मग काकू गेल्या. वर्षाने सुधीरने घर विकायला काढलं. त्याची नोकरी पुण्याला, तू नाशकात फ्लॅटमध्ये, घर बंद पडून कौलं सरकायला लागली होती. पाडकाम कोणाला द्यायचं, हा प्रश्नच नव्हता. तू म्हणालीस, "दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मला चालणार नाही." मला चालणार होतं का, हे तू विचारलं नाहीस. आमच्या वखारीची रीत अशी, की पहिला हात घरच्या माणसाने लावायचा. पहिलं कौल तू काढलंस. शिडीवर चढलीस, कौल काढून छातीशी धरलंस आणि खाली उतरेनाशी झालीस. मी खालून शिडी धरून उभी. खरं तर मला तेव्हा म्हणायचं होतं, की हे घर जेवढं तुझं तेवढं माझंही पडतंय. नाही म्हटलं. तुझ्या दुःखात वाटा मागितल्यासारखं झालं असतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी उंबरा निघाला. मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेला. दोन्ही कोपऱ्यांत हळदीकुंकू बसून बसून लाकूडच लालसर झालेलं, घोड्याचा नाल ठोकल्याची भोकं. मी तो राशीत टाकू दिला नाही. वखारीतल्या माझ्या खोलीत, टेबलाच्या मागे, भिंतीशी उभा केला. दोन वर्षं तो तिथं होता. तू यायचीस, त्याच्याकडे बघायचीस आणि काही म्हणायची नाहीस.

नाक्याचं काम आलं आणि तू म्हणालीस.

निफाडच्या अलीकडे तो नाका आहे ना, तिथं द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडची माणसं सकाळी येऊन थांबतात. बागाईतदारांच्या गाड्या येतात आणि त्यांना घेऊन जातात. दुपारी परत तिथंच सोडतात, आणि मुक्कामाच्या ठिकाणी जायला वाहन मिळेपर्यंत बाया पोरं घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. एक झाड नाही. ज्या मांडवाखाली त्या राबतात त्याची सावली द्राक्षांसाठी असते. गेल्या एप्रिलमध्ये आपण तिथं फक्की मारून आलो होतो. तू वहीत सगळं काढलंस, गावाने जागा दिली, यंदा एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या आत सावली उभी करायची असं ठरलं. आणि एक दिवस वखारीत बसून तू म्हणालीस, "मधल्या बाकाला आईचा उंबरा लावू या."

मी हातातला कप खाली ठेवला. "एकदा तोंडावर पडलीस ते पुरलं नाही?"

"तेव्हा मी फळी म्हणून लावला होता. आता उंबरा म्हणूनच लावणार आहे."

मग तू जे बोललीस, ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही, पण आता शब्दन् शब्द आठवतो. म्हणालीस, "शमीम, आईने रोज पहाटे तो उंबरा धुतला. रांगोळी घातली. हळदीकुंकू वाहिलं. त्याच्या आत ती राबली आणि त्याच्या बाहेर बाबांची वाट बघत उभी राहिली. दारात जरा टेकावं, गार वारा घ्यावा, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलावं, हे तिला उभ्या जन्मात करता आलं नाही. बसू नये म्हणून. कोणासाठी ठेवला तिने तो एवढा? आता तरी दमलेली बाई बसू दे त्याच्यावर."

मी म्हटलं, "काकूंना विचारलंस?"

"तू विचारलंस, भिंतीशी उभा करताना?"

दोघींचं बरोबर होतं, म्हणूनच ते भांडण मिटत नव्हतं. मला वाटत होतं, त्या बाईने जन्मभर जे जपलं ते तिच्या माघारी मोडायचं, हा कुठला न्याय. आणि वर कोणी बसणारही नाही. उन्हात तापून, पावसात भिजून तो उंबरा तिथं सडेल. तुला वाटत होतं, मी त्याला देवघरातल्यासारखा बसवून ठेवलाय आणि काकू काही देव नव्हत्या. महिनाभर आपण भांडलो. मी जिंकत होते, कारण उंबरा माझ्या खोलीत होता.

तू गेल्यावर दहा-बारा दिवस मी नाक्याकडे फिरकले नाही. मग यासीनचाचा आले. खांब उभे राहिले होते, कौलं चढली होती, बाजूच्या बाकांना फळ्या लागल्या होत्या. "आपा, बीचवाला बाकी है," म्हणाले. मी म्हटलं, लावा एखादी सागवानी फळी, वखारीत काय कमी आहे? ते घुटमळले. मग म्हणाले, "माप तो दीदी पहलेच दे गयी थी." मी जाऊन बघितलं. मधल्या बाकाचे पाय तू बरोबर काकूंच्या उंबऱ्याच्या लांबीवर रोवून घेतले होतेस. मला न विचारता! खोबणीसुद्धा त्याच्याच जाडीची. मी त्या रिकाम्या सांगाड्यासमोर उभी राहून तुला इतक्या शिव्या दिल्या की रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला.

शिव्या देऊन झाल्यावर मी तिथंच रडले. स्मशानात आलं नव्हतं, ते तिथं आलं.

फळी बसली असती गं. थोडी कापून, पाचर मारून कोणतीही बसली असती. सुधीरला फोन केला, तो म्हणाला, "शमीमताई, तुम्हाला वाटेल ते करा. तुमच्या दोघींच्या मध्ये मी लहानपणीही पडलो नाही." मी खोलीत येऊन उंबऱ्यासमोर बसले. तू असतीस तर मी तो दिला नसता. आणखी दहा वर्षं अडवून धरला असता, आणि खरं सांगू, त्यात मला सुख होतं. तू यायचीस, हट्टाला पेटायचीस, मी नाही म्हणायचे, चहा यायचा. पण आता ती नाही म्हणायची मजा कोणाशी करू? तू नसताना नकार दिला काय आणि होकार दिला काय, ऐकायला कोणी नाही. नुसतं एक लाकूड माझ्या ताब्यात राहणार. तुझ्याशी भांडायला मी कधी घाबरले नाही, पण तू नसताना जिंकायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून मी स्वतः घेऊन गेले. यासीनचाचांनी तो खोबणीत बसवला. हळदीकुंकवाचे कोपरे घासू का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. लपवायचं कशाला? ज्याला बसायचं नाही त्याला कळू दे.

खरड छाटणी सुरू झाली त्या सकाळी मी तिथं गेले. कोणी बसतं का ते बघायलाच गेले, आणि कोणी बसू नये असंच मला वाटत होतं. तुझ्यापासून काय लपवायचं? आपलं म्हणणं खरं ठरावं असं वाटायला माणूस मेल्यावरही थांबत नाही.

माणसं आली. गडीमाणसं बाजूच्या बाकांवर टेकली, बिड्या निघाल्या. बाया खांबांना टेकून उभ्या. कडेवर लेकरू घेतलेली एक तरुण बाई सरळ आली आणि काकूंच्या उंबऱ्यावर बसली. बसून लेकराला पदराखाली घेतलं. तिच्या मागोमाग तिची सासू आली, आणि तिची नजर खाली गेली.

"उठ गं. उंबरा हे तो."

"कशावरून?"

"कुंकू दिसत नाय का? ऊठ आधी."

सून उठेना. लेकरू पीत होतं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी एकटीच तिथं कामाला न आलेली दिसत होते. "बाई, कोणाच्या घरचा हे हा?"

"माझ्या मैत्रिणीच्या आईचा."

"ती रागवंल का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. लहानपणापासून तयार होतं. पण तिच्या मांडीवरच्या पोराचा पाय उंबऱ्याच्या त्या खोलगट भागात टेकला होता, आणि ऊन आत्ताच चटका द्यायला लागलं होतं. मी म्हटलं, "ती गेली. तिची मुलगीही गेली, आताच, फाल्गुनात. रागवायला मी एकटीच उरलेय."

"मंग तुमी रागवशाल?"

"नाही," मी म्हटलं. "तिला कधी दारात बसायला मिळालं नाही. तिच्या मुलीला वाटायचं, कोणीतरी बसावं. तुम्ही बसा."

तुझंच बोलणं माझ्या तोंडून आलं, माधवी. महिनाभर जे मी खोडून काढत होते, तेच मी एका अनोळखी बाईला तुझ्या वतीने समजावून सांगत होते.

सासू बराच वेळ उंबऱ्याकडे बघत राहिली. मग वाकली, त्याला हात लावून कपाळाला लावला आणि अगदी काठावर, अर्धीमुर्धी टेकली. जराशाने नीट बसली. पायातली चप्पल काढून पाय लांब केले. "लय झिजलाय हो," म्हणाली, आणि हाताने ती मधली जागा चाचपत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन तुमी का हुभ्या मग? बसा की."

दोघी सरकल्या. मी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वरची कौलं गार होती, तुझी माणसांच्या सरकण्यावरून ठरवलेली सावली बरोबर आमच्या पायांपर्यंत येऊन थांबली होती, आणि काकूंची मला खरंच भीती वाटली नाही. बाळ माझी ओढणी ओढायला लागलं. त्याच्या आजीने त्याला दटावलं, सुनेने तिला सांगितलं की ओढू दे, आणि त्या दोघी माझ्या देखत भांडायला लागल्या.

थोड्या वेळाने गाडी आली. सगळी माणसं उठली, बाया चढल्या, सुनेने वरून हात केला, गाडी गेली. मी तिथंच बसून राहिले. तू जिंकलीस, हे मला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि ते ऐकून नाक वर करून हसायला तूच हवी होतीस. शेजारी जागा होती गं, तुझ्यापुरती.